ज्यानं लावली, त्यानंच काढायची

"बाळू पडला," एवढंच शेजारच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं येऊन सांगितलं. आमच्याकडे फोन नाही. धंतोलीत दर दोन घरांआड दवाखाना, त्यामुळे आमचे सगळे निरोप, लग्नाचे काय नि मरणाचे काय, दवाखान्याच्या फोनवरच येतात. सोमवारची सकाळ होती. शिवणक्लासच्या सात-आठ मुली समोर बसल्या होत्या आणि मी एकीला बाहीचा मुंढा कसा कापायचा ते दाखवत होते. मी कात्री खाली ठेवलीसुद्धा नाही. "कुठं लागलं?" म्हणून विचारलं. वाटलं, सायकलवरून पडला असेल, पावसानं ओल्या झालेल्या पायरीवरून घसरला असेल... चाळिशीचा माणूस पडला म्हटल्यावर आपल्या डोक्यात काय येतं? गुडघा, फार तर हात. हळद कुठल्या डब्यात आहे हेही मी मनात शोधून ठेवलं होतं. कंपाउंडर बिचारा माझ्या हातातल्या कात्रीकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, विमान पडलं जी." माझा भाऊ पडला तर आभाळातूनच पडणार, हे मला तेव्हा कुठं आठवलं.

बाळू म्हणजे प्रभाकर, माझा धाकटा भाऊ. कपाशीवर औषध फवारणारं लहान विमान तो चालवत असे. एका माणसापुरती जागा, पुढं एकच इंजीन, पोटात औषधाची टाकी. अळीचे दिवस आले की विमान सकाळी नागपूरहून निघायचं, कुठल्यातरी गावाजवळच्या मुरमाच्या पट्टीवर उतरायचं आणि दिवसभर शेतांवरून माणसाच्या डोक्याला वारा लागेल इतक्या खालून फिरायचं. त्या सोमवारी ते आमच्याच पारशिवनीकडच्या शेतांवर होतं. तिसऱ्या फेरीत इंजीन बंद पडलं. पाहणारे सांगतात, स्फोट नाही, धूर नाही... आवाज एकदम चूप झाला. खाली बायका निंदणी करत होत्या, त्यांच्यावरून त्यानं विमान कसंबसं नाल्याकडे वळवलं आणि काठच्या झाडांत ते गेलं. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यात वैमानिक फार खालून उडत होता, असं लिहिलं होतं. अहो, खालूनच उडायचं असतं त्याला! वरून फवारलं तर औषध भंडाऱ्याला जाईल. पण मी हा लेख त्या चार ओळींना उत्तर म्हणून लिहीत नाही. सांगायचं आहे ते वेगळंच.

लहानपणी आमच्या शेतातल्या विहिरीवर तेलावर चालणारं इंजीन होतं. घरापासून चांगलं दूर. बाळू ओट्यावर जेवत असे आणि घास हातात धरून म्हणे, "आता बंद पडते पाहा." आणि ते पडायचं. आई म्हणायची याच्या कानात भूत आहे. भूत वगैरे काही नव्हतं, त्याचा गुरू होता. महादेव मिस्त्री, आमच्याच गावचा, बाळूपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, पंचक्रोशीतली इंजिनं दुरुस्त करत फिरायचा. बाळू त्याच्यामागे पाना घेऊन हिंडायचा. महादेव कुठलंही इंजीन उघडायच्या आधी डोळे मिटून दोन मिनिटं नुसता उभा राही. कोणी घाई केली की म्हणे, "इंजीन खोटं बोलत नाही बाप्पा, माणूस बोलते. मले पयले त्याचं ऐकू द्या." पुढं बाळू शिकला, विमान चालवायला लागला, आणि फवारणीच्या कंपनीत लागल्यावर त्यानं काय केलं असेल, तर गावी जाऊन महादेवला घेऊन आला. मोठी दुरुस्ती, सह्या-शिक्के यांना मुंबईचे इंजिनियर यायचे, पण रोजचं पाहणं महादेवकडे. बाळू सगळ्यांसमोर त्याला "माझे मास्तर" म्हणायचा.

या दोघांच्या विमानाच्या शेडमध्ये एक पद्धत होती. विमानात काही खोट दिसली की पुढच्या पंख्याला लाल पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्यानं बांधायची. पुढून 'बंद' असं मोठ्या अक्षरात छापलेलं, मागं पेन्सिलीनं काय झालं ते लिहायचं. ती असेपर्यंत विमानाला कोणी हात लावायचा नाही. आणि नियम एकच होता, तो बाळूनं मला इतक्या वेळा सांगितला होता की माझ्या क्लासच्या मुलींनाही पाठ झाला होता... ज्यानं लावली, त्यानंच काढायची. मालक आला, मंत्री आला तरी दुसऱ्यानं काढायची नाही. "काहून गा एवढं?" मी एकदा विचारलं होतं. तर म्हणाला, "ताई, खोट ज्याच्या कानानं ऐकली, ती गेली की नाही हे त्याच्याच कानाले समजते."

चिकित्सकपणा त्याच्या अंगातच होता. मी शिवलेला सदरा तीनदा उसवायला लावायचा. कॉलर डाव्या बाजूला सूतभर जास्त आहे म्हणे! लग्नाच्या वेळी तर त्यानं आमचा जीव खाल्ला. पाच मुली पाहिल्या, दर वेळी मान हलवून "नाही चालत." शेवटी सुनंदावहिनींना पाहून आला आणि टांग्यात बसल्या बसल्या म्हणाला, "चालते." आईनं तिथंच हात जोडले. आम्ही त्याचं नाव 'नाही-चालत' ठेवलं होतं, आणि मी मोठी बहीण, सगळ्यात जास्त चिडवणारी. "बाळू, जगात सगळं तुझ्या कॉलरीसारखं सरळ नसतं, कधीतरी चालते म्हणायला शीक," हे वाक्य मी त्याला किती वेळा ऐकवलं असेल, याचा हिशेब मला आता नको आहे.

दर रविवारी दुपारी तो माझ्याकडे जेवायला यायचा. तो शेवटचा रविवारही तसाच होता. मी बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला होता. तो आला तेव्हा मी पायमशीनवर एकीचं परकर-पोलकं संपवत होते. दारातच थांबला, चप्पल न काढता.

"थांब ताई. हे काय बोलून राहिलं?"

"शटल जरासं घासते. पंधरा दिवस झाले. चालते ना पण."

"चालते म्हणजे काय वं? चालते तोवर चालते. सुई तुटून डोळ्यात गेली म्हणजे?"

आणि त्यानं खिशातून लाल चिठ्ठी काढली, मशीनच्या चाकाला बांधली आणि माझ्या हातातलं पोलकं काढून घेतलं. मी हसून हसून बेजार. शेडमधली चिठ्ठी माझ्या मशीनला! म्हटलं, "काय गा, ही इकडं आणली, मग तुमच्या विमानाले काय लावलं?"

"त्याले आता गरज नाही."

"दुरुस्त झालं?"

तो पाटावर बसला होता. ताटाकडे पाहत म्हणाला, "चालते." आणि रस्सा मागितला. मला वाटलं, चला, शिकला एकदाचा. मी तसं बोलूनही दाखवलं. तो हसला नाही, एवढं आता आठवतं. जाताना दारातून पुन्हा सांगून गेला, "मी शटल आणून बसवीन. तोवर मशीनले हात लावायचा नाही. ज्यानं लावली..." "त्यानंच काढायची," मी वाक्य पुरं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडर आला.

तिसऱ्या दिवशी महादेव मिस्त्री आला. अंगणात उभा, टोपी हातात, डोळे सुजलेले. म्हणाला, "ताई, मी चिठ्ठी लावली होती. माह्या हातानं शनिवारी पंख्याले बांधली होती. तेल फेकून राहिलं होतं, आवाजही येत होता. मुंबईचं सामान आल्याबिगर उडवू नका म्हणून मी साहेबाले सांगून गावाले गेलो. सोमवारी आलो तं विमानच नव्हतं." कंपनीचे मॅनेजर, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणतात, ते त्याच्या आदल्या दिवशी येऊन गेले होते. त्यांनी तर सांगितलं होतं की विमानाला चिठ्ठी-बिठ्ठी काही नव्हती, मिस्त्री न पाहताच गावी पळाला, आणि प्रभाकरसारखा धाडसी माणूस त्याच्या हलगर्जीपणानं गेला. धाडसी! तो शब्द मला किती गोड लागला होता तेव्हा. साहेबांना मी चांगल्या कपात चहा दिला होता. महादेवला मी म्हटलं, "चिठ्ठी लावली असती तर माझा भाऊ उडाला असता का? त्याच्याइतकं ती कोण पाळत होतं? खोटं बोलता तुम्ही. निघा." त्यानं आईची शपथ घेतली. मी आत निघून गेले. गावचा माणूस, वयानं मोठा, उन्हातून पायी आलेला, आणि मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

माझं चुकत होतं कुठं? बाळूला ओळखणारं कोणीही हेच म्हणालं असतं. चिठ्ठी असती तर तो त्या विमानाच्या पायरीवर पाय ठेवला नसता. म्हणजे चिठ्ठी नव्हती. म्हणजे महादेव खोटारडा. सरळ हिशेब होता, आणि तेरवीला आलेल्या सगळ्यांना मी तो समजावून सांगितला. पुढं चौकशी सुरू झाली तेव्हा चौकशीच्या माणसांनाही सांगितला, माझ्या सहीनिशी. महादेवची नोकरी गेली. नागपूरजवळच्या वाडीला ट्रकच्या एका गॅरेजात लागला असं कानावर आलं, तेव्हा मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

यंदा आमच्याकडे सण नाही. पण खंडेनवमीला क्लासच्या मुली हळदकुंकू घेऊनच आल्या. "ताई, मशीनची पूजा तं कराच लागते, नाही तर वर्षभर कुरकुरते." मीही म्हटलं, करा. त्या रविवारपासून त्या मशीनवरचा कपडा मी काढला नव्हता. बाळूनं हात लावू नको म्हटलं होतं ना! एका मुलीनं कपडा काढून चाक पुसायला घेतलं, चिठ्ठी उलटली, आणि ती वाचायला लागली, लहान मुलं पाटी वाचतात तशी मोठ्यानं: "तेल फेकते... आवाज येते... उडवू नये..." खाली शनिवारची तारीख. आणि नाव... महादेव.

मी त्या मुलीच्या हातावर जोरात मारलं. का मारलं, मला माहीत नाही. बाकीच्या घाबरून घरी गेल्या. मी मशीनसमोर किती वेळ बसले होते, तेही आठवत नाही. इतके दिवस मी समजत होते की माझा भाऊ शेडमधून एखादी कोरी चिठ्ठी गंमत म्हणून घेऊन आला. तो तर विमानाच्या पंख्यावरची चिठ्ठी सोडून घेऊन आला होता. त्याच्या मास्तरनं बांधलेली. स्वतःच्या हातानं सोडली, खिशात घातली, माझ्या घरी येऊन माझ्या मशीनला बांधली, मला दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या, रस्सा मागून खाल्ला आणि उद्याचं मरण ठरवून गेला. मी विचारलं होतं त्याला! सरळ तोंडावर विचारलं होतं, विमानाला काय लावलं म्हणून. माझ्याशी तो उभ्या जन्मात खोटं बोलला नव्हता. बोलला तो एकदाच, एका शब्दात, आणि तो शब्दही माझ्याच तोंडचा.

कोणी म्हणेल, साहेबांनी भरीला घातलं असेल. घातलंच होतं. वहिनींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, शनिवारी संध्याकाळी साहेब घरी आले होते. कपाशी हातची चालली, तुमच्याच गावचे लोक तीन दिवसांपासून पट्टीवर बसून आहेत, तो मिस्त्री तर भित्रट आहे, तुम्हाला जमत नसेल तर सांगा, बाहेरून दुसरा माणूस बोलावतो... असं सगळं. बाळू आधी नाही म्हणाला. मग गप्प बसला. गावाचं नाव निघालं की त्याचं तोंड बंद व्हायचं, हे साहेबांना ठाऊक होतं. आणि तेच साहेब मग चौकशीत सांगतात की चिठ्ठी नव्हतीच! त्यांना मी कधी माफ करणार नाही. पण साहेब शेवटी परके. त्यांच्यावर मी विश्वास कधी टाकला होता? हात बाळूचे होते. राग येतो तो त्याचाच. आपलं माणूस मेल्यावर त्याचा इतका राग यावा, याची लाजही वाटते, आणि तरी तो येतोच.

चिठ्ठी चौकशीला द्यायची तर महादेव सुटतो आणि माझा भाऊ अडकतो. न द्यावी तर भाऊ धाडसी राहतो आणि मिस्त्री जन्मभर खुनी. मी ती वहिनींसमोर ठेवली. त्यांनी वाचली, परत माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ताई, ते तर गेले. आता त्यांचं नाव तरी राहू द्या." माझ्या मनातही तेच होतं, फक्त त्या बोलल्या. चार दिवस आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. पाचव्या दिवशी त्या स्वतः आल्या, दारातूनच म्हणाल्या, "सुमी अकरा वर्षांची आहे. उद्या मोठी झाली की मी तिले काय सांगू? तुह्या बाबाचं नाव राखाले आम्ही त्यांच्या मास्तरचं नाव पुसलं? मिस्त्रीले बोलवा." एवढं बोलून त्या पायरीवर बसल्या आणि तेराव्या दिवशीही रडल्या नव्हत्या तशा रडल्या.

मी वाडीला गेले. अमरावती रोडवर ट्रकच ट्रक, डिझेलचा वास, आणि एका ट्रकखालून महादेवचे पाय बाहेर आलेले. मी हाक मारली. ते बाहेर आले, मला पाहून उभे राहिले आणि हात पुसायला फडकं शोधू लागले. मी काय काय बोलायचं ठरवून गेले होते, त्यातलं काहीच बोलले नाही. म्हटलं, "मिस्त्री, चिठ्ठी सापडली. माझ्याकडेच होती." त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं? कशी?" मी सांगितलं. मला वाटलं होतं, हा माणूस आता शिव्या देईल, निदान पाहा मी म्हणत होतो ना, एवढं तरी म्हणेल. ते ट्रकच्या चाकाला टेकून खाली बसले. "त्यानं काढली?" एवढंच म्हणाले. मग, "मीच शिकवलं होतं ना त्याले..." फसवलं गेलेलं माणूस मी एकटीच नाही, हे मला तिथं, त्या डिझेलच्या चिखलात उभं राहून समजलं. माझा फक्त भाऊ होता. त्यांचा चेला होता.

रविवारी दुपारी ते घरी आले. वहिनीही आल्या होत्या. मी आधी पाणी आणलं, स्वतःच्या हातानं दिलं. ते पूर्ण तांब्या प्यायले, तहानेनं की माझं मन राखायला, देव जाणे. मग मी मशीनवरचा कपडा काढला आणि म्हटलं, "ज्यानं लावली, त्यानंच काढायची ना? काढा."

त्यांनी चष्मा लावला, चाकाजवळ वाकले, दोरा बोटात धरला आणि थांबले.

"ही गाठ माही नाही, ताई."

"म्हणजे?"

"मी सुरगाठ मारतो. एक टोक ओढलं की सुटते. ही निरगाठ होय. बाळूदादाची." त्यांनी दोरा सोडून दिला. "ही मले काढता येत नाही."

मग मी डब्यातली कात्री दिली. त्यांनी दोरा पुठ्ठ्याच्या भोकाजवळ कापला, गाठ चाकाला राहू दिली. चिठ्ठी मी वहिनींच्या हातात दिली, वहिनींनी त्यांच्या. हा लेख छापून येईल तेव्हा ती चौकशीच्या टेबलावर असेल, माझ्या दुसऱ्या जबानीसकट, ज्यात मी पहिली जबानी खोटी होती असं लिहून दिलं आहे. पुढं कोणाचं काय व्हायचं ते होईल. जाताना मिस्त्रींनी सवयीनं मशीनचं चाक हातानं एकदा फिरवलं, डोळे मिटून ऐकलं, आणि म्हणाले, "शटल आहे. मी आणून बसवून देतो." मी नको म्हटलं. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

मशीन खोलीत आहे तिथंच आहे. चाकाला दोऱ्याचं वेटोळं आणि ती निरगाठ. क्लासला आता नवीन मुली आल्या आहेत, त्यांना काही ठाऊक नाही. परवा एक बसायला गेली, पाय मारून पाहिला आणि म्हणाली, "ताई, दोनच मशिनी पुरत नाहीत. ही काहून बंद ठेवली? थोडासाच तं आवाज येते. चालते ना?"

"नाही चालत," मी म्हटलं. "ऊठ तिथून."